हरीण निरोगी दिसत होतं

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाहीत, त्यांच्यासाठी.

गोष्ट सुरू होते एका जेवणावळीपासून. मार्च २००५, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली ओनायडा काउंटी. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाइम्स स्क्वेअर येतो, पण हा भाग तिथून गाडीने चारेक तास लांब. शेतं, जंगलं, छोटी गावं. तिथल्या एका अग्निशमन दलाची वार्षिक मेजवानी होती. दोनशेच्या वर माणसं जेवायला आली. शिकारीच्या मांसाचे वेगवेगळे पदार्थ होते आणि त्यात एका हरीण-फार्मवरून आलेलं हरीणही होतं. लोक जेवले, गप्पा झाल्या, सगळे घरी गेले.

मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. त्या हरणाला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज होता. पुढे याला आपण नुसतं सीडब्ल्यूडी म्हणू. मॅड काऊच्या कुळातला हा रोग. मेंदूला अक्षरशः स्पंजसारखी भोकं पडतात, जनावर खंगत जातं आणि मरतं. उपचार नाही, लस नाही. मांस शिजवलं तरी रोगाचं कारण मरत नाही.

जेवलेल्यांपैकी सुमारे ८० जण पुढे आले आणि संशोधकांनी सहा वर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. त्यांचं काय झालं, ते शेवटी सांगतो. आधी हे बघू की इतक्या लोकांच्या ताटात ते मांस पोचलंच कसं.

साधं उत्तर असं की, या रोगात हरीण दीड-दोन वर्षं ठणठणीत दिसतं. खातं, पळतं, पिल्लं देतं आणि त्याच काळात रोगही पसरवतं. बिघाड आधी होतो आणि डोळ्यांना दिसतो नंतर. मी वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे फक्त या एका रोगाबद्दल खरं नाही. या हरणाचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास याच चालीने चाललाय. किंमत उशिरा कळते आणि मधल्या काळात माणसं "सगळं ठीक तर दिसतंय" म्हणून निर्णय घेत राहतात.

चामडं, कर्ज आणि जमीन

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. व्हाइट-टेल्ड डिअर, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. आपल्या चितळाचं लांबचं नातेवाईक समजा. फरक असा की चितळाच्या अंगावर आयुष्यभर ठिपके असतात, याच्या फक्त पाडसांच्या अंगावर असतात. धोका वाटला की शेपटी उभी करून पळतं, तेव्हा खालची पांढरी बाजू झेंड्यासारखी फडकते. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. गवतापेक्षा कोवळे शेंडे, कळ्या, पानं आणि ओकची फळं याला जास्त आवडतात. हे "कोवळे शेंडे" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. दक्षिण कॅनडापासून थेट पेरू आणि बोलिव्हियापर्यंत हे हरीण सापडतं.

युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत ही हरणं किती असावीत? अंदाज साधारण अडीच ते साडेतीन कोटींचा आहे. तिथली मूळ राष्ट्रं, म्हणजे चेरोकी, मस्कोगी (इंग्रज त्यांना क्रीक म्हणायचे) आणि इतर कितीतरी, शतकानुशतकं या हरणाची शिकार करत होती. मांस, कातडं, हाडं, स्नायू, काहीच वाया जात नसे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हरणाच्या चामड्याला प्रचंड मागणी आली. विजारी, हातमोजे, पुस्तकांची बांधणी. १७५५ ते १७७३ या काळात एकट्या सव्हाना बंदरातून सुमारे ६ लाख हरणांची कातडी इंग्लंडला गेली. मोबदल्यात शिकाऱ्यांना बंदुका, कापड आणि रम मिळायची, तीही उधारीवर. डॉलरला अमेरिकेत आजही "बक" म्हणतात, तो शब्द याच कातड्यांच्या व्यवहारातून आला असं मानलं जातं. बक म्हणजे नर हरीण.

उधारी वाढत गेली, हरणं कमी होत गेली. शेवटी १७७३ च्या ऑगस्टा करारात क्रीक आणि चेरोकी लोकांना व्यापाऱ्यांचं कर्ज फेडायला २० लाख एकरांहून जास्त जमीन सोडून द्यावी लागली. सावकाराच्या वहीत अंगठा आणि मग सातबारा गायब, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. प्रत्येक कातडं विकताना सौदा बरोबरच वाटत असणार. हिशोब लागला तो एका पिढीनंतर.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, जलद गोळ्या झाडणाऱ्या रायफली आल्या, शहरातल्या हॉटेलांना मांस पुरवणारे धंदेवाईक शिकारी आले. जंगलं तोडून शेतं झाली. १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत ३ ते ५ लाख हरणं उरली. काही राज्यांत तर हरीण दिसलं की ती बातमी व्हायची.

सहाचे एकशे साठ

इथून पुढची गोष्ट सहसा यशोगाथा म्हणून सांगितली जाते आणि ती खरीही आहे. १९०० मध्ये लेसी कायदा आला. बेकायदा मारलेल्या वन्यप्राण्यांचा राज्याबाहेर व्यापार करायला बंदी झाली. राज्यांनी शिकारीवर मर्यादा घातल्या. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. ज्या भागात हरणं संपली होती तिथे दुसरीकडून पकडून आणून सोडली गेली. सोडून दिलेल्या शेतांवर झुडपं आणि कोवळं जंगल उगवलं, म्हणजे हरणासाठी तयार ताट. आणि ताटावर बसलेल्याला उठवणारे लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून माणसाने आधीच संपवले होते.

हे हरीण किती वेगाने वाढू शकतं? मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाची साधारण साडेचार चौरस किलोमीटरची कुंपणबंद जागा आहे. १९२८ मध्ये तिथे ६ हरणं सोडली, ४ माद्या आणि २ नर. १९३३ च्या डिसेंबरमध्ये माणसांची रांग करून, हाकारे घालून मोजणी केली. १६० हरणं. पाच वर्षांत! खायला भरपूर असलं की मादी वयाच्या पहिल्याच वर्षी गाभण राहू शकते आणि नंतर बहुतेक वेळा जुळी देते. चक्रवाढ व्याज तुम्हाला माहीतच आहे.

आज अमेरिकेत सुमारे ३ कोटी पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. म्हणजे आकडा जवळपास होता तिथे परत आला.

पण या व्यवस्थेत एक गोम होती. वन्यजीव खात्यांचा पैसा शिकारीच्या परवान्यांतून आणि बंदुकांवरच्या करातून येत होता. शिकाऱ्यांना हवी होती जास्त हरणं. "मादी मारायची नाही, फक्त नर मारायचे" हा नियम हरणं दुर्मीळ असताना एकदम योग्य होता. दोन पिढ्यांत त्या नियमाचा संस्कार झाला. आजोबांनी सांगितलेलं, वडिलांनी पाळलेलं. हरणं वाढली तरी संस्कार बदलला नाही.

१९४३ चा 'गुन्हा'

हा संस्कार मोडायला निघालेला माणूस म्हणजे ऑल्डो लिओपोल्ड. विस्कॉन्सिन विद्यापीठातला वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक. तरुणपणी वनखात्यात असताना त्याने स्वतः लांडगे मारले होते. लांडगे कमी झाले की हरणं वाढणार आणि शिकाऱ्यांची चंगळ होणार, असा तेव्हा त्याचाही समज होता. पुढे त्याने उघडे पडलेले डोंगर पाहिले आणि मत बदललं. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये आलेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या पुस्तकात त्याने ही चूक मोकळेपणाने कबूल केली.

१९४० च्या दशकात उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलात हिवाळ्यात हरणं उपाशी मरत होती. बर्फात ती ठरावीक दाट झाडीत गोळा व्हायची आणि तोंड पोचेल तितक्या उंचीपर्यंत सगळं फस्त करायची. लिओपोल्ड म्हणाला, हरणं कमी करा, माद्यांचीही शिकार करू द्या. नाहीतर जंगल जाईल आणि मागोमाग हरणंही जातील. १९४३ मध्ये राज्याने ऐकलं. आधी चार दिवस नरांची शिकार, नंतर चार दिवस माद्या आणि लहान हरणांची. सव्वा लाखाच्या वर हरणं मारली गेली.

लोक खवळले. या हंगामाला '४३ चा गुन्हा' असं नाव पडलं. विरोधकांनी 'सेव्ह विस्कॉन्सिन्स डिअर' नावाचं वर्तमानपत्रच काढलं. लिओपोल्ड १९४८ मध्ये वारला तोपर्यंत हा वाद शमला नव्हता.

आता लोकांच्या बाजूने विचार करा. तुमच्या अंगणात हरणं आहेत, छान दिसतायत, आणि एक प्राध्यापक सांगतोय की ती जास्त झालीत. तुम्ही झाड बघता, झाड उभं आहे. पण त्या झाडाखाली गेल्या वीस वर्षांत एकही नवं रोप गुडघ्याच्या वर गेलेलं नाही, हे कोण बघतं? हेमलॉक, यू, ट्रिलियम नावाचं वसंतात फुलणारं रानफूल, या सगळ्यांचे कोवळे शेंडे हरणं खुडतात. जंगल वरून हिरवं दिसतं आणि खालून म्हातारं होत जातं. माहेरघरी फक्त आजी-आजोबा उरावेत तसं.

जो रोग दिसतो आणि जो दिसत नाही

दाटी झाली की रोग आले. पण सगळे रोग सारखे नसतात आणि इथे एक तुलना फार बोलकी आहे.

एक आहे ईएचडी, एपिझूटिक हेमोऱ्हॅजिक डिसीज. १९५५ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा ओळखला गेला. हा विषाणू बारीक चावऱ्या चिलटांमधून पसरतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटून चिखल झाला की चिलटं वाढतात. हरणाला ताप येतो, आतून रक्तस्राव होतो. तापामुळे ते पाण्याकडे धावतं आणि तळ्याकाठी मरून पडतं. लक्षणं दिसल्यापासून एक-दोन दिवसांत खेळ खलास. एकाच ओढ्याकाठी दहा-वीस मेलेली हरणं सापडली की फोटो पसरतात, बातम्या होतात. मग पहिलं कडक दव गोठतं, चिलटं मरतात, साथ थांबते. काही वर्षांत संख्या बहुतेक ठिकाणी भरून येते.

दुसरा प्रकार म्हणजे गपचूप राहणारे रोग. मिशिगनच्या ईशान्य भागाचं उदाहरण घ्या. तिथल्या खासगी शिकार क्लबांत हिवाळ्यात हरणांना खायला घालायची पद्धत होती. मका, गाजरं, शुगर बीट, ट्रकच्या ट्रक. हेतू चांगलाच म्हणायचा, हरणं जगावीत. पण एकाच ढिगावर डझनभर हरणं नाकाला नाक लावून जेवू लागली. १९९४ मध्ये एका शिकाऱ्याने मारलेल्या हरणात गुरांचा क्षयरोग सापडला. तपासण्या वाढवल्यावर कळलं की रोग त्या भागातल्या हरणांत मुरलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा टीबी तिथल्या गुरांत सर्रास होता. गुरांमधून तो मोठ्या कष्टाने हटवला गेला. हरणांत तो टिकून राहिला आणि १९९८ मध्ये परत गुरांत सापडला. शेतकऱ्यांचे कळप मारले गेले, तेव्हा कुठे त्या भागात हरणांना खाऊ घालण्यावर बंदी आली.

तिसरं उदाहरण थेट माणसांचं. १९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात लहान मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर संधिवात म्हणत होते. एकाच गल्लीत इतक्या मुलांना संधिवात कसा, असा प्रश्न दोन आयांनी लावून धरला. मग येलचे डॉ. ॲलन स्टीअर कामाला लागले. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटात कारण असलेला जीवाणू शोधला आणि १९८२ मध्ये तो जाहीर झाला. हाच लाइम डिसीज.

यात गंमत अशी की गोचिडीला जीवाणू हरणाकडून मिळतच नाही. तो मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायाच्या उंदराकडून. मग हरणाचं काम काय? मोठ्या झालेल्या गोचिडी हरणावर चढतात, तिथेच नर-मादी भेटतात, मादी पोटभर रक्त पिते आणि खाली पडून हजारो अंडी घालते. थोडक्यात, हरीण म्हणजे गोचिडीचं मंगल कार्यालय. लग्नही तिथे, जेवणही तिथे. हरणाला स्वतःला काही होत नाही. न्यू जर्सीतला तुमचा दादा किंवा ताई अंगणातल्या हरणाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: व्हिडिओ छान आहे, पण मुलं अंगणातून आली की गुडघ्यामागे आणि केसांत गोचीड बघत जा.

कोलोरॅडो ते विस्कॉन्सिन

आता येऊ सीडब्ल्यूडीकडे. १९६७, कोलोरॅडोतलं फोर्ट कॉलिन्स. संशोधनासाठी पिंजऱ्यात ठेवलेली म्यूल डिअर, म्हणजे आपल्या हरणाचे चुलतभाऊ, खंगून मरू लागली. लाळ गळते, मान खाली, नजर शून्यात. लोकांना वाटलं कुपोषण असेल, नाहीतर पिंजऱ्याचा ताण. दहा वर्षं हाच समज होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी बेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक संशोधिकेने मेलेल्या हरणांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. मेंदूत भोकं होती, मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगात दिसतात तशी. १९८० मध्ये तिने आणि स्टुअर्ट यंग यांनी हे प्रसिद्ध केलं. १९८१ मध्ये जंगलातल्या एल्कमध्येही रोग सापडला.

हा रोग ना विषाणूचा, ना जीवाणूचा. कारण आहे प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत त्याचं सरळ घडीचं रूप असतं. वाकडं प्रथिन सरळ प्रथिनाला चिकटलं की त्यालाही वाकडं करतं, आणि मग साखळी सुरू. यात डीएनए नाही, म्हणून मारायला काही जिवंत नाही. लाळ, लघवी, शेण आणि मेलेल्या जनावरातून ते मातीत जातं, मातीच्या कणांना चिकटतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहू शकतं. आजारी हरीण मेलं तरी जागा आजारी राहते.

रोग फक्त पायांनी चालत नव्हता, ट्रकमधूनही जात होता. मोठ्या शिंगांसाठी हरणं आणि एल्क पाळायचा धंदा अमेरिकेत आणि कॅनडात वाढला होता. जनावरं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली जात होती. कॅनडातून आयात केलेल्या एल्कबरोबर हा रोग दक्षिण कोरियातही पोचला.

२००२ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधून बातमी आली. माउंट होरेब गावाजवळ आधीच्या शरद ऋतूत मारलेल्या तीन नरांमध्ये सीडब्ल्यूडी सापडला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. लिओपोल्डचंच राज्य!

खात्याने मोठा निर्णय घेतला. सुमारे ४०० चौरस मैलांचा पट्टा आखला आणि जाहीर केलं की यातली शक्य तितकी सगळी हरणं मारायची. त्या एका वर्षात राज्यभरात सुमारे ४० हजार हरणं तपासली गेली. शिकारीचे परवाने साधारण एक-दशांशाने घटले, कारण लोकांना मांस खायची भीती वाटू लागली.

पण हळूहळू भीती ओसरली आणि उरला राग. जमीनमालक म्हणाले, माझ्या रानातली हरणं धडधाकट आहेत, मारू कशाला? शंभर हरणं मारावीत तेव्हा दोन-तीन आजारी निघत होती. मांस फेकायचं कुठे, यावरही भांडणं. आधी मादी मारा, मगच नर मारायची परवानगी, हा नियम तर शिकाऱ्यांना इतका डाचला की २०११ मध्ये विधिमंडळाने तो कायद्यानेच बंद केला. १९४३ चा राग अजून जिवंत होता. २००७ च्या सुमारास सरकारी नेमबाज मागे घेतले गेले आणि निर्मूलनाची भाषा संपली.

शेजारच्या इलिनॉय राज्यात २००२ च्या शेवटी हाच रोग सापडला, विस्कॉन्सिनच्या सीमेलगतच. त्यांनी गाजावाजा कमी केला आणि काम चालू ठेवलं. दर हिवाळ्यात जिथे आजारी हरीण सापडलं, त्याच टापूत नेमबाज पाठवायचे. पहिली दहा वर्षं इलिनॉयमध्ये रोगाचं प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आसपास राहिलं. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात ते चढत गेलं आणि आता काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त नर बाधित निघतात. ओनायडातही न्यूयॉर्क राज्याने २००५ मध्ये झपाट्याने कारवाई केली. जंगलातली दोन हरणं बाधित निघाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथल्या रानात रोग सापडला नाही.

विस्कॉन्सिनच्या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. डोळ्यांसमोर निरोगी कळप आणि कागदावर २ टक्के, अशा वेळी कळप मारायला तयार होणारी माणसं कमीच. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. सगळं नीट चालू असताना "आतून हे सडतंय, आता दुरुस्त करू" म्हणणाऱ्याला मीटिंगमध्ये काय ऐकावं लागतं, हे मी रोज बघतो. रोग २ टक्के असतो तेव्हाच काहीतरी करता येतं, आणि तेव्हा करायला कुणालाच पटत नाही. पटतं तेव्हा तो ३० टक्के झालेला असतो.

आणि ३० टक्क्यांना काय होतं? वायोमिंगमधल्या एका कळपाचा अभ्यास २०१६ मध्ये आला. तिथे रोगाचं प्रमाण खूप जास्त होतं आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या दरवर्षी सुमारे १० टक्क्यांनी घटत होती. तळ्याकाठी ढीग नाही, फोटो नाही. नुसता उतार.

फ्रीझरमधल्या गाठी

एक गोष्ट मात्र या सगळ्यात चांगली झाली. सीडब्ल्यूडी शोधायला मेलेल्या हरणाच्या घशामागची लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, काढून तपासतात. त्यासाठी राज्याराज्यांत शिकाऱ्यांकडून हजारो नमुने गोळा होऊ लागले. कंटाळवाणं काम. बहुतेक रिपोर्ट निगेटिव्ह. बजेट कापायचं झालं तर आधी कापावंसं वाटणारं.

मग २०२० मध्ये कोविड आला. पेन स्टेट विद्यापीठातले सुरेश कुचिपुडी आणि विवेक कपूर यांच्या गटाने आयोवा राज्यातल्या याच लसिकाग्रंथी मिळवल्या. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२१ मधली २८३ हरणं. त्यातल्या ९४ हरणांत, म्हणजे दर तिघांमागे एकात, कोरोना विषाणूचे अंश सापडले. माणसांकडून विषाणू हरणांत एकदा नाही, अनेकदा गेला होता आणि पुढे हरणाहरणांत पसरला होता. हरणं आजारी दिसत होती का? नाही. इथेही तेच. कुणीतरी वर्षानुवर्षं निगेटिव्ह रिपोर्ट लिहीत बसलं होतं, म्हणून ही गोष्ट कळली.

आता त्या जेवणावळीकडे. सहा वर्षं लक्ष ठेवल्यावर संशोधकांना त्या ८० जणांच्या तब्येतीत या रोगाशी जोडता येईल असं काही सापडलं नाही. आजपर्यंत जगात कुठेही माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. हे दिलासा देणारं आहे. पण पापुआ न्यू गिनीतला कुरू हा माणसांमधला प्रायॉन रोग काही जणांत चाळीस-पन्नास वर्षांनी उमटला होता. म्हणून अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा आजही सांगते की रोग असलेल्या भागातलं हरीण तपासून घ्या आणि बाधित निघालं तर खाऊ नका. हा रोग आता अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत पोचलाय. २०१६ मध्ये तो नॉर्वेतल्या रानटी रेनडिअरमध्ये सापडला, तेव्हा नॉर्वेने तो अख्खा कळप, दोन हजारांच्या वर जनावरं, मारून टाकला.

विस्कॉन्सिनमध्ये आज काही गावांत रस्त्याकडेला मोठ्या कचराकुंड्या ठेवलेल्या असतात. शिकारी हरणाचे उरलेले अवशेष त्यात टाकतात, म्हणजे प्रायॉन रानातल्या मातीत जात नाहीत. स्थानिक लोकच वर्गणी काढून त्या कुंड्या चालवतात. शेजारी पेटी असते, तपासणीसाठी मुंडकं ठेवायला. थंडीत, अंधारात, घरी जायची घाई असताना एक माणूस गाडी थांबवतो, चिठ्ठी भरतो, मुंडकं ठेवतो आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये तसंच राहू देतो. हरीण निरोगी दिसत होतं, तरीही.

तर आजच्या भागात एवढंच. तुमच्या कामात, घरात किंवा गावात असं काही आठवलं, जे दिसायला ठीक होतं आणि हिशोब बऱ्याच वर्षांनी आला, तर जरूर लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!